अर्ध्या वाटेवरची सोपवणी

ज्या शहराला विमानतळ नाही तिथल्या माणसाला विमानाबद्दल काही विचारू नये, तो रस्त्याबद्दलच बोलत सुटतो. या शहराचंही तेच. तसं शहर काही लहान नाही. न्यायालय आहे, मोठं इस्पितळ आहे, कारखाने आहेत, चौकाचौकात वाहतूक तुंबलेली आहे. फक्त विमान उतरायला जागा नाही. म्हणजे जागा होती. गावाबाहेरच्या माळावर कधीकाळी पाटी लागली, तारेचं कुंपण पडलं, दोघे साहेब येऊन फीत कापून गेले, आणि पुढं ते घोंगडं जे भिजत पडलं ते पडलंच. आता तिथं शेळ्या चरतात आणि पोरं स्कूटर शिकतात.

तेव्हा विमानानं जायचं तर वाटा दोन. डोंगरापलीकडचं विमानतळ जवळ, पण मध्ये घाट. नदीकडचं विमानतळ लांब, पण रस्ता सपाट. कुठलं बरं, यावरून या शहरात सख्खे भाऊ भांडतात. जावई एकीकडे उतरला आणि सासरे दुसरीकडे घ्यायला गेले, असं इथं घरोघरी एकदा तरी झालंय, आणि दोघंही अजून आपलंच बरोबर म्हणतात. एवढं सगळं करून माणूस घरी पोचतो तेव्हा अंगाचा पार भुगा झालेला असतो, आणि घरचे दारातच विचारतात, प्रवास कसा झाला? काय सांगणार, कपाळ!

घाटाच्या वाटेवर एका कंपनीच्या पांढऱ्या व्हॅन चालतात. त्यातल्या एकीवरचा ड्रायव्हर तो आपला माणूस. त्याला सगळे मामा म्हणत. स्टँडवर गाड्या भरणारा मुकादम त्याच्याहून वयानं मोठा, पण तोही मामाच म्हणे. या वाटेवर मामाचे केस पिकले, कंबर गेली, पहिली गाडी भंगारात जाऊन दुसरी आली. शहरातलं कोण कुठं जातं, कोण परत येतं, कोण येत नाही, हे त्याला ठाऊक. आणि गंमत म्हणजे या माणसानं विमानतळ कधी पाहिलंच नव्हतं.

त्याचं असं झालं. फार पूर्वी त्या कंपनीच्या एका ड्रायव्हरला परतीच्या वाटेवर डुलकी लागली आणि गाडी कठड्यावर जाऊन चढली. माणसं वाचली, पण मालकानं जी धास्ती घेतली ती कायमची. तेव्हापासून त्यानं ठरवून टाकलं की पूर्ण वाट कुणीच चालवायची नाही. शहराकडच्यानं घाट उतरून पायथ्याच्या टपरीपर्यंत यायचं. विमानतळाकडच्यानं सपाटीवरून त्याच टपरीपर्यंत यायचं. तिथं ड्रायव्हरांनी एकमेकांच्या गाडीत बसायचं आणि आल्या वाटेनं आपापल्या घरी जायचं. प्रवाशांनी जागचं हलायचंही नाही. इतकी वर्षं मामा रोज माणसांना विमानतळाच्या अर्ध्या वाटेवर सोडत आला होता.

समोरून येणाऱ्याला मामा पलीकडचा म्हणे. काटकुळा, डोक्याला कायम टोपी, तोंडाची टकळी चालू. त्याचं घर मामानं पाहिलेलं नाही, मामाचं त्यानं नाही. ओळख काय ती टपरीवरच्या एका चहाची. पण त्या चहात दोघांनी आपला एक रिवाज पाडून घेतला होता. गाडी सोडण्याआधी आतली माणसं दुसऱ्याच्या हवाली करायची. तोंडी. मागच्या आजींना गाडी लागते, खिडकीशी बसवल्यात. मधल्या साहेबांना बोलायची हौस आहे, नुसतं हं हं करत राहा. शेवटच्या सीटवरची बाई घरून रडत निघालीय, रेडिओ लावू नको. याला ते सोपवणी म्हणत. ऐकणाऱ्यानं शेवटी म्हणायचं, घेतले. तो घेतले म्हणेपर्यंत सांगणारा गाडीजवळून हलत नसे. कंपनीला यातलं काही माहीत नव्हतं, आणि कंपनीचं काही अडतही नव्हतं.

मामाला एकच मुलगी. दातांच्या कवळ्या बनवायच्या एका छोट्या कारखान्यात ती कामाला होती. बारीक कामात हात असा बसलेला की आजीची कवळी तिनंच घडवली, आणि ती बसवल्यापासून म्हातारी सगळ्यांना स्पष्ट शब्दांत टोचून बोलायला लागली. घरात सगळे म्हणत, थोडी सैल ठेवायला हवी होतीस. तर या मुलीच्या हाताची कीर्ती कुठून कुठं पोचली आणि दूरदेशीच्या एका मोठ्या कारखान्यानं तिला बोलावलं. काही वर्षांचा करार, मधे सुट्टी नाही.

तिनं हे सांगितलं ती संध्याकाळ मामाला अजून टोचत होती. दिवसभर घाटात रस्त्याचं काम, गाडी पावलापावलानं, पाठीत कुणी खिळा ठोकल्यासारखी कळ. तो घरात येऊन बूट काढत होता आणि पोरगी समोर उभी राहून भडाभडा सगळं सांगत होती. तिचे डोळे चमकत होते. मामा म्हणाला, "हं. बघ." आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. पाठ दुखत होती म्हणून. देवाशपथ, दुसरं काही नव्हतं. पण पोरीनं बापाची पाठ पाहिली आणि तिला वाटलं, बाबा रागावले.

एकदा असं वाटलं की मग सगळं तसंच दिसायला लागतं. मामा मुळातच तोंडात गुळणी धरल्यासारखा. तो गप्प बसला की ती म्हणे, बघ, अजून राग आहे. ती गप्प बसली की तो म्हणे, गडबडीत असेल. होता होता इथवर आलं की बाप समोर बसलेला असताना ती आईला सांगे, बाबांना विचार जेवणार का. आई या दोघांच्या मध्ये निरोप्या होऊन पार मेटाकुटीला आली. शेवटी तिनं मामाला चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाली, तिला वाटतंय तुम्ही रागावलात, हे मनात घेऊन पोरगी एवढ्या लांब जाणार, आणि तुम्ही नुसते बसून राहणार? जायच्या आधी एकदा तोंड उघडा.

मामानं ठरवलं, उघडायचं. पण घरात नाही, तिथं आजी. गाडीत नाही, तिथं प्रवासी. विमानतळाच्या दारात. तिथं सगळेच आपापल्या माणसाशी बोलत असणार, कोण कुणाचं ऐकतंय. तिथं तिला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. त्यासाठी आयुष्यात एकदा पूर्ण वाट चालवायची.

त्यानं पलीकडच्याला गळ घातली. पोरगी जाते त्या दिवशी अदलाबदल करू नये, मामानं आपलीच गाडी पुढं विमानतळापर्यंत न्यावी, पलीकडच्यानं आपली माणसं घेऊन तसंच घाट चढून शहरात यावं आणि मामाच्या घरी मुक्काम करावा. पलीकडचा म्हणाला, त्यात काय, एवढं तोंड वेंगाडून विचारायला काय झालं, पोरगी काय रोज जाते? मालक कुरकुरला आणि हो म्हणाला. इतक्या वर्षांची वाट, इतक्या वर्षांचे ड्रायव्हर. यात काही खोट असेल हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी बायकोनं मामाचा शर्ट कडक इस्त्री करून ठेवला. मामा रोज पाठीला एक उशी घेऊन गाडीत बसत असे, जुनी, मळकी, त्याच्या कंबरेच्या आकाराची झालेली. गाडी बदलली की ती बगलेत मारून दुसऱ्या गाडीत जायची. आज ती त्यानं घरी ठेवली. विमानतळाच्या दारात बगलेत उशी घेऊन उभा राहणार का? पोरीला काय वाटेल?

गाडी स्टँडवरूनच भरून आलेली, त्यामुळं आईला जागा नव्हती. तिनं दारातच पोरीला पोटाशी धरून काय रडायचं ते रडून घेतलं. आजीनं कवळी काढून डोळे पुसले, का ते तिचं तिला ठाऊक. मामा बॅगा ठेवत राहिला. बायकोनं डोळ्यांनी खूण केली तर म्हणाला, "मी आहे की विमानतळाच्या दारापर्यंत."

मुलगी पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसली. मागं नेहमीसारखेच प्रवासी. घाट लागला. मामा मनातल्या मनात वाक्य जुळवत होता. मी रागावलो नव्हतो, पाठ दुखत होती. बस, एवढंच. एका वळणावर त्याला वाटलं, आत्ताच बोलावं. तेवढ्यात मागच्या गृहस्थांनी विचारलं की पुढं कुठं थांबणार का, आणि वाक्य पुन्हा घशात गेलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मध्येच ती म्हणाली, "उशी नाही आणलीत?" तो म्हणाला, "असू दे." झालं, घाटभर बापलेकीचं बोलणं एवढंच.

घाट उतरता उतरता मागं ढग खाली यायला लागला. आरशात मामाला दिसलं की आपण आत्ता उतरलो ते वळण पुसलं गेलंय. त्या डोंगराला ही खोड आहे. दुपार कलली की कधी कधी ढग रस्त्यावर येऊन बसतो आणि मग उठायचं नाव घेत नाही. मामाला त्याचं काही वाटलं नाही. आपल्याला आज परत कुठं जायचंय?

टपरीवर पलीकडच्याची गाडी आलेली नव्हती. येणारं विमान उशिरा उतरलं होतं. थांबायची गरज नव्हती खरं तर, पण पुढची वाट मामाला नवी. कुठल्या फाट्याला वळायचं, गाडी कुठल्या दारी लावायची, हे पलीकडच्याला विचारून घ्यायचं होतं. प्रवासी चुळबुळायला लागले. एक जण घड्याळाकडं आणि मग मामाकडं आळीपाळीनं बघत होता. शेवटी ती गाडी धूळ उडवत आली आणि पलीकडचा टोपी सावरत उतरला.

सवयीनं त्यानं आल्या आल्या सोपवणीच सुरू केली. मागं ओली बाळंतीण आहे, तान्हं बाळ आणि तिची आई. मधे एका आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, धक्का बसता कामा नये. मग त्याच्या ध्यानात आलं की आज सोपवायचं नाहीये, आणि तो हसला. हसता हसता त्यानं घाटाकडं मान वर केली. तिथं घाट नव्हता. नुसतं पांढरं.

पलीकडच्यानं चहाचा घोट घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "चढताना दरी कोणत्या अंगाला असते रे?"

मामाच्या हातातला कप तसाच राहिला. हा माणूस त्याच्याइतकाच जुना ड्रायव्हर. पण हा घाट त्यानं चालवला होता कधी? मामानं विचारलं. पलीकडचा म्हणाला, लग्नाआधी एकदा चढलो होतो, ट्रकमध्ये, शेजारी बसून. मग घाईघाईनं म्हणाला की तू नको काळजी करू, हळूहळू जाईन, दिवे लावीन, शब्द दिलाय मी तुला. बोलताना त्याचा हात टोपीशी चाळा करत होता. इतकी वर्षं दोघं एकाच वाटेवर होते, आणि दोघांनाही आपापली अर्धीच वाट येत होती. दुसऱ्याला मात्र ती सगळीच येते असं दोघंही धरून चालले होते.

गाडीत तान्हं बाळ रडायला लागलं. डोळ्याला पट्टी बांधलेले आजोबा खिडकीशी मान ताठ धरून बसले होते.

मामानं आपल्या गाडीकडं पाहिलं. पुढच्या काचेमागं पोरगी बसली होती, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरून. त्याला रडू आलं. भर दिवसा, टपरीवर, माणसांसमोर, इस्त्रीच्या शर्टात. त्यानं ते चहाबरोबर गिळलं. वाट बघावी तर ढग संध्याकाळशिवाय हलणार नव्हता, आणि विमान कुणासाठी थांबत नाही. कुणाला विचारण्यासारखंही काही नव्हतं.

"आण तुझी गाडी," तो म्हणाला. "रोजच्यासारखंच करू."

पलीकडचा हातापाया पडायला आला. म्हणाला, मला पाप लागेल, पोरीला सोडायला निघालायस तू. मामा म्हणाला की बाळंतिणीला दरीत घातलंस तर जास्त लागेल. मग तो आपल्या गाडीशी गेला. पोरीच्या बाजूची काच खाली होती. बॅगा नीट आहेत का ते त्यानं उगीच पाहिलं. मागून घड्याळवाला म्हणाला, अहो, निघायचं का? मामानं तोंड उघडलं, पोरीकडं बघून. काही बाहेर पडेना. सगळे प्रवासी त्याच्या तोंडाकडं बघत होते. तिलाही कळलं होतं की बाबा पुढं येत नाहीयेत. तिनं समोर रस्त्याकडं बघायला सुरुवात केली होती.

तेव्हा पलीकडचा स्टिअरिंगवर बसता बसता म्हणाला, "मामा, सोपवणी."

आणि मामाला बोलता आलं. तिच्या खिडकीशी उभा राहून, तिच्या डोक्यावरून, पलीकडच्याकडं बघत तो रोजच्या आवाजात बोलायला लागला. मागच्या बाईंचे गुडघे दुखतात, उतरताना हात दे. मधल्या साहेबांना घाई आहे, पण ते वाईट नाहीत. घड्याळवाल्यानं घड्याळावर हात ठेवला.

"पुढच्या सीटवर माझी मुलगी आहे," मामा म्हणाला. "तिला गाडी लागत नाही. भूक लागली तरी सांगत नाही, तेव्हा विमानतळावर आधी काहीतरी खायला लाव. पहिल्यांदाच एवढ्या लांब चाललीय. तिला वाटतंय बाप रागावलाय. बाप रागावलेला नाही. त्या दिवशी पाठ दुखत होती म्हणून तोंड फिरवून झोपला, आणि नंतर बोलायचं राहून गेलं, कारण तो गाढव आहे. तिनं जावं असंच त्याला वाटतं. फार हुशार पोरगी आहे. तिला दारापर्यंत सोड, आणि ती आत दिसेनाशी होईस्तोवर हलू नको."

पोरीनं मान वळवली नाही, फक्त खिडकीवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला आणि घट्ट दाबला.

"घेतली," पलीकडचा म्हणाला. गाडी सुटली.

मामा दुसऱ्या गाडीत बसला. पाठीला उशी नाही. त्या ढगात त्यानं घाट कसा चढला ते त्याच्या कंबरेला विचारा. वळणावळणाला हॉर्न देत, कठड्याचे पांढरे दगड धरून, एकेक चाक जपून टाकत तो गेला. बाळ झोपलं, आजोबांना धक्का लागला नाही. घरी पाहुण्याऐवजी मामालाच बघून बायको चपापली, आणि तिनं दारातच विचारलं, बोललात का? तो म्हणाला, "पलीकडच्याशी बोललो," आणि बूट न काढता खुर्चीत बसून राहिला. बायकोला वाटलं, गेलं, या माणसानं शेवटी माती खाल्ली. त्याला सगळं सांगायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. स्टँड, मुकादमाची बोंबाबोंब, घाट, टपरी. उशी बगलेत मारून मामा उतरला. अंग अजून आंबलेलं होतं. पलीकडचा आधीच येऊन उभा होता, आणि आज त्याची टकळी बंद होती. चहा झाला. मामानं आपली माणसं सोपवली. पलीकडचा घेतले म्हणाला. मग पलीकडच्यानं आपली सोपवली, कोण कुठं बसलंय, कुणाला काय लागतं. मामा घेतले म्हणणार, तेवढ्यात त्यानं हात वर केला.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "काल विमानतळाच्या दारात मला सोपवलाय. शब्दाला शब्द सांगायला लावलाय, म्हणून मध्ये बोलू नको."

मामा गप्प राहिला. त्याला वेगळं काही येतही नव्हतं.

"घाटावरच्या गाडीत एक ड्रायव्हर असतो," पलीकडचा रस्त्याकडं बघत म्हणाला. "माझे बाबा आहेत. पाठ दुखते, पण सांगत नाहीत. उशी घरी राहिली तर परत पाठवा, तशी गाडी चालवू देऊ नका. गप्प बसले तर रागावलेत असं समजू नका, मी समजले होते. चहाबरोबर काहीतरी खायला घाला, नको म्हणतील, ऐकू नका. मी परत येईन तेव्हा याच वाटेनं येईन, नदीकडून नाही. तोवर यांना नीट सांभाळा."

टपरीवाल्यानं न सांगता बशीत दोन बिस्किटं ठेवली होती. ती तशीच होती. मामानं एक उचललं आणि चहा संपलेल्या कपाकडं बघत कोरडंच खाल्लं. पलीकडचा गाडीजवळून हलला नव्हता. मामा काय म्हणतो याची वाट बघत तो तसाच उभा होता.

"घेतला," मामा म्हणाला, आणि उशी पाठीला लावून गाडीत बसला.